प्रश्न तुमचे: बस की मेट्रो हे नंतर, आधी चौकात जाऊन उभं राहू

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमच्या गावातल्या सगळ्यात गर्दीच्या रस्त्यावर जलद बस किंवा मेट्रो आणायची म्हटलं तर तुमच्या मनात काय प्रश्न येतात, ते पाठवा. पत्रं आणि मेसेज इतके आले की निम्मे पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. पुणे-पिंपरीचे जास्त आहेत, ते साहजिकच आहे, या दोन शहरांनी बीआरटीही (म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली लेन) पाहिली, मेट्रोही पाहिली आणि एकाच रस्त्यावर दोन्हींचं खोदकामही सोसलं. मी स्वतः रस्ते आणि बसमार्ग आखायच्या कामात वीसेक वर्षं आहे आणि त्याहून जास्त वर्षं बसने फिरतेय, तेव्हा उत्तरं दोन्ही बाजूंनी देते.

प्रश्न : ताई, मी रोज वाघोलीहून येरवड्याला टू-व्हीलरने जातो. नगर रोडची बीआरटी काढायला घेतली तेव्हा खरं सांगतो, बरं वाटलं होतं, ती लेन कायम रिकामी दिसायची आणि आम्ही शेजारी धूर खात उभे. पण आता लेन गेली तरी मला वेळ तेवढाच लागतोय. नक्की चुकलं काय? (एक वाचक, वाघोली)

दादा, रिकाम्या लेनकडे बघून चिडचिड होणं अगदी बरोबर आहे, आणि ती चिडचिड समजून न घेता लोकांना शिस्त नाही म्हणून मोकळं होणारे माझ्याच धंद्यातले लोक मी पाहिलेत, त्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही जे पाहिलं ते खरंच होतं. पण हिशेब बघा.

बसची एक लेन असते साधारण साडेतीन मीटरची. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर तेवढ्या रुंदीतून तासाला ७००-८०० कार सुटतात, कारमागे दीड माणूस धरा, झाली १,१००-१,२०० माणसं. दुचाकी धरल्या तर आकडा बराच वाढतो, दोन-अडीच हजारापर्यंत जाईल. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये ६० माणसं असली तर ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६००. मिनिटाला दोन सोडल्या तर ७,२००. आणि शेजारून बघणाऱ्याला ती लेन तेव्हाही बऱ्यापैकी रिकामीच दिसणार, कारण दोन बसच्या मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. पण बस पाच मिनिटांनी एक येत असेल तर? तासाला १२ बस, ७२० माणसं. मग तुम्ही म्हणता तेच खरं, लेन वाया चालली आहे.

म्हणजे लेन बांधली आणि त्यात सोडायला बसच कमी पडल्या. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचा निकष लाख लोकांमागे ६० बसचा आहे, पुणे-पिंपरीची लोकसंख्या आणि रोज रस्त्यावर येणाऱ्या बस यांचा हिशेब कुणीही घरबसल्या करावा, आपण किती मागे आहोत ते कळतं. रस्ता एका खात्याने बांधायचा, बस दुसऱ्याने चालवायच्या, सिग्नल तिसऱ्याच्या हातात, आणि तिघांचं बजेट वेगळं, हे दुखणं तिथूनच सुरू होतं.

लेन काढून तुमचा वेळ का वाचला नाही, त्याचं उत्तर मात्र लेनमध्ये नाहीच, चौकात आहे. नगर रोडला तुम्ही दोन चौकांच्या मध्ये किती रुंद जागा मिळवली यापेक्षा चौकात हिरवा दिवा किती सेकंद मिळतो त्यावर सगळं ठरतं. तोंड तेवढंच ठेवून बाटलीचं पोट मोठं केलं तर पाणी काही जास्त वेगाने पडत नाही.

प्रश्न : मी धनकवडीत राहतो, आता रिटायर झालोय. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट बीआरटी सुरू झाली तेव्हा मी नोकरीला त्याच बसने जायचो. देशातली पहिली म्हणून आम्हाला अभिमान होता हो. मग अहमदाबादचं कौतुक झालं आणि आमचं हसं झालं. असं का? (एक वाचक, धनकवडी)

काका, तुमचा अभिमान चुकीचा नव्हता. शहरांच्या सुधारणेला पैसे देणारी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना डिसेंबर २००५ मध्ये आली, एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं आणि त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं की रस्त्याचा विचार वाहनांच्या हिशेबाने न करता माणसांच्या हिशेबाने करायचा. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्याने लेन आखून दाखवली. हिंमत लागते त्याला.

पण तुम्ही रोजचे प्रवासी, तुम्हाला आठवत असेल, स्टॉपवर काय व्हायचं. बस आली की फलाटापासून हातभर लांब उभी राहायची, कधी पुढे जाऊन थांबायची, लोक धावत पुढे, मग दारात गर्दी, पायरी चढायची, तिकीट आत कंडक्टरकडे. एका माणसाला चढायला दोन-तीन सेकंद धरले तरी वीस माणसांना एक मिनिट जातं. आता वरचा हिशेब आठवा, मिनिटाला एक बस सोडायची म्हटलं तर एक बस स्टॉपवरच मिनिटभर उभी, मागची तिच्या शेपटीला. तीन बस एकामागोमाग येतात आणि मग वीस मिनिटं एकही नाही, हे आपण सगळे भोगतो ना, त्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच एका दारातून होते. पुढची बस चढउतारात अडकली की पुढच्या स्टॉपवर तिची वाट बघणारे वाढतात, म्हणून ती आणखी अडकते, मागचीला माणसंच मिळत नाहीत म्हणून ती येऊन चिकटते.

अहमदाबादला २००९ मध्ये जनमार्ग सुरू झाला तेव्हा त्यांनी लेनच्याही आधी स्टेशनचा विचार केला. रस्त्याच्या मधोमध बंदिस्त स्टेशन, तिकीट आत शिरतानाच, फलाट बसच्या फ्लोअरच्या उंचीला, बसची दारं उजवीकडे आणि रुंद. त्यामुळे तीच वीस माणसं पंधरा-वीस सेकंदात आत. शिवाय हे सगळं चालवायला वेगळी कंपनी काढली, म्हणजे बस उशिरा आली तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं होतं.

आपल्याकडे पहिल्या मार्गावर लेन कुठे मधे, कुठे कडेला, कुठे मधेच संपलेली, आत कोणीही घुसायचं, वॉर्डन बिचारा शिटी वाजवत एकटा. नंतर पिंपरी-चिंचवडने आणि पुण्यानेही २०१५ मध्ये रेनबो नावाने जे मार्ग सुरू केले, सांगवी-किवळे किंवा संगमवाडी-विश्रांतवाडी, त्यात बराच धडा घेतलेला दिसतो, बंदिस्त स्टेशनं आहेत, दोन्ही बाजूंना दारं असलेल्या बस आल्या, म्हणजे तीच बस लेनमध्ये उजवीकडून आणि बाहेर नेहमीच्या स्टॉपला डावीकडून माणसं घेते. पिंपरीला रुंद रस्ते होते हेही खरं. पण तोपर्यंत बीआरटी या शब्दाची बदनामी झाली होती आणि एकदा नाव खराब झालं की चांगलं कामही त्याच नावाखाली मार खातं. दिल्लीतही तेच, आंबेडकर नगर ते मूलचंद जेमतेम पावणेसहा किलोमीटरचा तुकडा २००८ मध्ये केला, चिराग दिल्लीच्या चौकात सिग्नलचं चक्र इतकं लांबलं की बसवाले, कारवाले सगळेच वैतागले, शेवटी २०१६ मध्ये उखडला.

सिग्नलचं हे चक्र म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण याबद्दल आणखी तिघांनी विचारलंय. समजा चारी बाजूंना आळीपाळीने सोडायला १५० सेकंद लागतात आणि तुमच्या बाजूला त्यातले ४० मिळतात. म्हणजे ११० सेकंद लाल. कधी हिरव्यात पोचाल, कधी नुकता लाल झाल्यावर, सरासरी काढली तर दर सिग्नलला ४० सेकंद जातात. मार्गावर असे १५ सिग्नल असले की झाली दहा मिनिटं, ट्रॅफिक अजिबात नसतानासुद्धा. आता मुख्य रस्त्यावरून उजवीकडे वळणं बंद करून पुढून यू-टर्न दिला, चक्र ९० सेकंदांवर आणलं आणि तेच ४० सेकंद हिरवे ठेवले तर दर सिग्नलला सरासरी १४ सेकंद, म्हणजे सगळ्या मार्गात साडेतीन मिनिटं. साडेसहा मिनिटं वाचली आणि त्यासाठी एक पोतं सिमेंट लागलं नाही. उजवीकडे वळणाऱ्यांना थोडा वळसा पडतो, त्यांची ओरड होते, ती ऐकून घ्यायची आणि यू-टर्नची जागा नीट करून द्यायची.

प्रश्न : आमच्या नाशिकला मेट्रो निओ येणार म्हणून २०२१ च्या बजेटमध्ये नाव आलं, पेढे वाटायचेच बाकी होते. वर्षं गेली. आता कोणी म्हणतं साधी मेट्रो हवी, कोणी म्हणतं बसच बऱ्या. तुम्ही सरळ सांगा, काय हवं? (एक वाचक, नाशिकरोड)

सरळ सांगायचं तर आधी मला एक आकडा हवा, तो मिळाल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. सकाळच्या सगळ्यात गर्दीच्या तासात, सगळ्यात भरलेल्या ठिकाणाहून, एकाच दिशेने किती माणसं जातात? आमच्या भाषेत त्याला पीपीएचपीडी म्हणतात, कठीण काही नाही त्यात. पाच-सात हजारापर्यंत असेल तर नीट आखलेली बसलेन पुरते. त्याच्या पुढे स्टेशनवर ओव्हरटेक करायला जादा लेन लागते, कोलंबियातल्या बोगोटाने २००० साली ट्रान्समिलेनिओ काढली ती तशीच, तिथे बसने तासाला एका दिशेला चाळीस हजाराच्या वर माणसं नेली आहेत, पण स्टेशनपाशी प्रत्येक बाजूला दोन-दोन लेन बसला दिलेल्या आहेत, आपल्याकडे तेवढी रुंदी किती रस्त्यांवर आहे ते बघा. पुण्याच्या मेट्रोला आज तीन डबे आहेत, दाटीवाटीने हजारभर माणसं, पाच मिनिटांनी एक सोडली तर तासाला १२ हजार, तीन मिनिटांनी सोडली तर २० हजार, डबे वाढवले की आणखी. आणि खर्च? पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तो ३१.२५ किलोमीटरला ११,४२० कोटी, म्हणजे किलोमीटरला ३६५ कोटी. चांगली बसलेन, स्टेशनांसकट, याच्या दहाव्या हिश्श्यातही होते.

निओ म्हणजे रबरी टायरची, वरच्या तारेवरून वीज घेणारी लांब जोडबस, पुलावरून चालणारी. कल्पना वाईट नाही, मध्यम गर्दीच्या शहराला स्वस्तात पडावी हाच हेतू. पण माझी काळजी वेगळी आहे. गाडी आधी आवडली आणि मग तिच्यासाठी रस्ता शोधला, असं झालं की पुढे त्रास होतो. मुंबईची मोनोरेल आठवा, २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत आली, आणि तरी आजूबाजूच्या लोकल भरभरून वाहत असताना तिच्यात बसायला जागा मिळायची. म्हणूनच २०१७ च्या मेट्रो धोरणात केंद्राने अट घातली की पर्यायांची तुलना आधी करा, बस, ट्राम, मेट्रो सगळं कागदावर मांडा, स्टेशनपासून निदान पाच किलोमीटरच्या परिसरासाठी फीडरची, म्हणजे माणसांना स्टेशनपर्यंत आणून सोडणाऱ्या बस वगैरेंची, सोय दाखवा, मगच पैसे मागा. नाशिककरांनी ती तुलना मागावी. द्वारका चौकातून सकाळी किती माणसं जातात हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही त्या कागदावर भांडण्यात अर्थ नाही.

आणि तो आकडा कसा काढला तेही विचारा बरं का. माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट, संस्थेचं नाव घेत नाही, एका शहरातल्या मार्गाची मोजणी घाईघाईत दिवाळीच्या सुट्टीत उरकली गेली. कॉलेजं बंद, निम्मी ऑफिसं बंद. मी नवी होते, मला ते खटकलं, बोललेही, पण जोर लावला नाही. त्या आकड्यावर पुढे स्टेशनची रुंदी ठरली. अजून मला ते टोचतं.

प्रश्न : माझं वय ७४. नात म्हणते आजी मेट्रोने जा, बसने जा, सगळं सोपं झालंय. पण मुली, मला तो रस्ताच ओलांडता येत नाही तर मी स्टेशनवर पोचू कशी? (एक आजी, चिंचवड)

आजी, तुमचं पत्र मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय, हे अगदी खरं. मार्ग आखायची खरी परीक्षा तुम्ही एका ओळीत लिहिलीत.

रस्ता ४५ मीटर रुंद असेल तर आमची पुस्तकं चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे ३७-३८ सेकंदात पार. तुमच्या वयाला, गुडघे दुखत असताना, हातात पिशवी असताना, ०.८ मीटर हा वेग खरा आहे, म्हणजे ५६ सेकंद. सिग्नल देतो २०-२५. मग तुम्ही अर्ध्यात डिव्हायडरवर अडकता, दोन्ही बाजूंनी बस-ट्रक अंगावर येतात. मी गेल्या पावसाळ्यात एका चौकात मुद्दाम तासभर उभी राहिले होते. एक बाई, साठी-पासष्टीच्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने साडी वर धरलेली, चार वेळा फूटपाथवरून एक पाय खाली टाकला आणि चार वेळा मागे घेतला. पाचव्या वेळी एका रिक्षावाल्याने हात दाखवून मागच्या गाड्या थांबवल्या तेव्हा त्या गेल्या. समोर नवंकोरं बस स्टेशन होतं, काचेचं, दिव्यांचं. तिथपर्यंतचे ते वीस मीटर कोणी आखलेच नव्हते.

मधोमध स्टेशन असण्याचा एक फायदा म्हणजे तुम्हाला अर्धाच रस्ता ओलांडावा लागतो, जाताना अर्धा, येताना अर्धा. पण तिथे झेब्रा क्रॉसिंग रस्त्याच्या पातळीपेक्षा उचललेलं हवं, म्हणजे गाड्यांना वेग कमी करावाच लागतो, आणि पायी माणसाचा सिग्नल तुमच्या वेगाने लावलेला हवा. पादचारी पूल बांधून दिला की काम झालं असं पुष्कळ ठिकाणी समजतात. पूल म्हणजे वर तीस-पस्तीस पायऱ्या, खाली तेवढ्याच. जो चढू शकतो तोही खालूनच पळत जातो, मग तुमचं काय.

मेट्रोत लिफ्ट असते, सरकते जिने असतात, ती सोय चांगली आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्टेशनला तर जमिनीखाली ३३ मीटर उतरायचं असतं आणि दुसरी लाईन वर पुलावर, तरी लोक आरामात बदलतात. पण लिफ्ट रस्त्याच्या एकाच बाजूला असेल आणि तुमचं घर दुसऱ्या बाजूला, तर पुन्हा तोच रस्ता. तुमच्या जवळच्या स्टेशनला लिफ्ट दोन्ही बाजूंना आहे का, हे नातीला बघायला सांगा, नसेल तर तिच्याकडून लेखी तक्रार करून घ्या, पोच घ्या. आणि बसचं सांगायचं तर दारात उभं राहून खाली बघा, फलाट आणि बसच्या मधली फट तुमच्या चार बोटांपेक्षा जास्त असेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी फलाटाची कड बघा, बस घासू नये म्हणून ड्रायव्हर लांब ठेवतात, कडेला रबर लावलं की त्यांची भीती जाते आणि फट कमी होते. इतकी साधी गोष्ट आहे ती.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. माण-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं, त्या वेळी माझं लग्न व्हायचं होतं, आता मुलगी शाळेत जाते. एवढा वेळ का लागतो? (एक वाचक, बाणेर)

तुमच्या रागाशी मी सहमत आहे. पण कारणं समजून घ्या, म्हणजे पुढच्या मार्गाला ती आधीच विचारता येतील. २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, खासगी भागीदारीतून. पुलाचे खांब उभे करणं हा तसा सोपा भाग असतो, खड्डा घेतला की खालून काय निघेल ते अवघड. पाण्याची जुनी लाईन, ड्रेनेज, हाय टेन्शन केबल, कोणाच्याच नकाशावर नसलेला एखादा नाला. प्रत्येक गोष्ट हलवायला वेगळं खातं, वेगळी परवानगी. त्यात जिन्याला आणि लिफ्टला फूटपाथच्या बाहेरची जागा लागते, ती कोणाची तरी असते.

विद्यापीठ चौकाचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. तिथला उड्डाणपूल बांधून फार वर्षं झाली नव्हती, तो २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात पाडावा लागला, कारण मेट्रोची लाईन आणि तो पूल एकत्र बसेनात. पूल बांधताना त्या रस्त्यावर पुढे काय येणार याचा एकत्र नकाशा असता तर पाडायचा आणि पुन्हा दुमजली बांधायचा खर्च वाचला असता. नागपूरला वर्धा रोडवर त्यांनी हे एकत्र आखलं, एकाच खांबावर खाली रस्त्याचा पूल आणि वर मेट्रो, तीन किलोमीटरच्या वर लांबीचा. जागा एकदाच घेतली, खोदलं एकदाच. माझं ठाम मत आहे की मोठ्या रस्त्यावर कुठलाही उड्डाणपूल मंजूर करताना त्या रस्त्याचा पुढच्या तीस वर्षांचा आडवा छेद, म्हणजे कुठे फूटपाथ, कुठे बस, कुठे खांब, हे लोकांसमोर ठेवलंच पाहिजे.

आणि काम चालू असताना त्या रस्त्यावर बस वाढवा, कमी करू नका. आपण उलट करतो. खोदलंय म्हणून बस वळवतो, स्टॉप हलवतो, माणूस कंटाळून गाडी घेतो, आणि एकदा हप्ता सुरू झाला की मेट्रो आली तरी तो परत येत नाही.

प्रश्न : लेन झाली की माझ्या दुकानासमोरचं पार्किंग जाणार. गिऱ्हाईक कुठून येणार? (एक दुकानदार, हडपसर)

तुमची काळजी खरी आहे, पहिले सहा-आठ महिने धंद्याला झळ बसू शकते हे मी लपवणार नाही. स्टेशन तुमच्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर असेल तर पायी गिऱ्हाईक वाढायची शक्यता चांगली असते, स्टेशन लांब असेल आणि मधे रेलिंग असेल तर नुकसान तुमचंच. म्हणून सुनावणीला जाल तेव्हा नुसता विरोध नोंदवू नका, क्रॉसिंग कुठे हवं ते नकाशावर दाखवा आणि माल उतरवायला सकाळी ठरावीक वेळ लेखी मागा.

प्रश्न : मुंबईची मेट्रो वन पहिल्या दिवसापासून भरली, पुण्याची सुरुवातीला रिकामी. पुणेकरांना मेट्रो नको होती का? (एक वाचक, घाटकोपर)

हवी होती, पण जिथे जायचं तिथे नेणारी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची लाईन जून २०१४ ला सुरू झाली ती एकदम पूर्ण, आणि दोन्ही लोकलना जोडून. मुंबईची रेल्वे उत्तर-दक्षिण धावते, पूर्व-पश्चिम जायला माणसं रिक्षात, बेस्टमध्ये तास-तास अडकत होती, ती भूक आधीच होती. पुण्यात ६ मार्च २०२२ ला पिंपरी-फुगेवाडी आणि वनाज-गरवारे असे दोन तुकडे सुरू झाले, एकमेकांना न जोडलेले. फुगेवाडीला उतरून कोणाचं ऑफिस होतं? १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही लाईन जिल्हा न्यायालयात मिळाल्या तेव्हापासून गर्दी दिसायला लागली, २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेट जोडलं गेलं तेव्हा मंडईत भाजीला मेट्रोने येणारे दिसायला लागले. माझी आई त्यातलीच एक, मेथीच्या जुड्या घेऊन येते आणि दर वेळी सांगते की पार्किंग शोधावं लागलं नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी जालना रोडवर मेट्रो हवी की बस हे मला शोधायचंय. कसं करू? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

शाब्बास. तुला खर्च शून्य आहे, तीन मैत्रिणी आणि एक मोठं माणूस सोबत घे. शाळा-कॉलेज चालू असलेला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवड, सण-सुट्टी आसपास नको. सकाळी साडेनऊ ते साडेदहा, क्रांती चौकाच्या जरा आधी, फूटपाथवर आत, सावलीत उभ्या राहा, रस्त्यावर उतरायचं नाही. एकाच दिशेची मोजणी करायची. एकीने दुचाकी, एकीने रिक्षा, एकीने कार, तू बस घे, कारण बस सगळ्यात अवघड. दर पाच मिनिटांना नवा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशी खूण करा, आकडे लिहीत बसलात तर गाड्या निसटतात.

मग दर दहावी गाडी आली की आतली माणसं मोजा, म्हणजे दुचाकीवर सरासरी किती, रिक्षात किती, हे कळेल. बसची माणसं डोक्याने मोजता येत नाहीत, म्हणून पाच पायऱ्या ठरव, रिकामी, अर्धी बसलेली, सगळी बसलेली, काही उभे, खच्चून भरलेली, आणि प्रत्येकीला एक आकडा दे, उदाहरणार्थ ५, २०, ४०, ५०, ७०. गुणाकार करून बेरीज कर. तुझ्या हातात तासाला एका दिशेने किती माणसं जातात तो आकडा येईल. नाशिकच्या काकांना मी जो मागितला तोच.

त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेव, तासाभरात किती जण तिथे रस्ता ओलांडायला थांबले आणि त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना किती वेळ लागला, घड्याळ लावून. हा रकाना मोठ्या अहवालांतही बहुतेक वेळा नसतो. पाण्याच्या बाटल्या न्या, टोप्या घाला, आणि कागद झाले की त्यांचे फोटो मला पाठव, बेरीज मी तपासून देईन.